टाइनकाठचे किटीवेक: हुसकावलेला पक्षी जातो कुठे?

इंग्लंडच्या ईशान्य भागात टाइन नदीच्या उत्तर काठावर न्यूकॅसल आणि दक्षिण काठावर गेट्सहेड ही दोन शहरे समोरासमोर वसली आहेत. एके काळी कोळशाच्या आणि धान्याच्या जहाजांनी भरलेला इथला धक्का आज हॉटेले, उपाहारगृहे, कार्यालये, सदनिका आणि दर रविवारी भरणारा बाजार यांनी गजबजलेला असतो. फेब्रुवारी संपत आला की या गजबजाटात आणखी एक आवाज मिसळू लागतो आणि ऑगस्टपर्यंत तो थांबत नाही. टाइन पुलाच्या ग्रॅनाइटच्या मनोऱ्यांवर, पुलाच्या पोलादी तुळयांवर आणि आसपासच्या जुन्या इमारतींच्या कंगोऱ्यांवर किटीवेक जातीच्या कुरवांच्या हजाराहून अधिक जोड्या घरटी करतात आणि दिवसभर स्वतःचेच नाव घेऊन ओरडतात: किटी-वेक, किटी-वेक. समुद्रापासून सुमारे १३ किलोमीटर आत असलेली ही वसाहत किटीवेकांची जगातील सर्वांत आतल्या भागातली वीण-वसाहत मानली जाते.

आपल्या कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईच्या खाड्यांत हिवाळी पाहुणे म्हणून येणाऱ्या कुरवांचे हे दूरचे भाऊबंद. आपल्याकडे येणारे कुरव इथे घरटी करत नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडावर ते उत्तरेकडे निघून जातात. त्यामुळे इमारतींवर वीण करणाऱ्या कुरवांचा प्रश्न आपल्याला प्रथमदर्शनी परका वाटतो. पण कबुतरांसाठी बाल्कनीला जाळी बसवून घेतलेल्या आणि आठवडाभरात तीच कबुतरे शेजाऱ्याच्या एसीवर बसलेली पाहिलेल्या कोणालाही या प्रकरणाचा गाभा लगेच कळेल. टाइनकाठी गेली तीस-पस्तीस वर्षे हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे: ज्या पक्ष्याला, त्याच्या अंड्यांना आणि घरट्याला कायद्याचे संरक्षण आहे, त्याला शहराच्या मध्यभागातील एखाद्या इमारतीवर घरटे करण्यापासून कसे परावृत्त करावे, आणि परावृत्त केल्यानंतर त्याने जायचे कुठे? प्रश्नाच्या या दुसऱ्या अर्ध्या भागाचे उत्तर ज्यांनी आधी तयार ठेवले त्यांचा पहिला अर्धा भाग सुटला, आणि ज्यांनी तो विचारलाच नाही त्यांची जाळी दरवर्षी फाटत राहिली, असे माझे या प्रकरणाच्या अभ्यासानंतरचे मत आहे.

पक्षी आणि त्याची कड

किटीवेक हा अंगाने आटोपशीर, पाठीवर राखाडी आणि पोटाशी पांढराशुभ्र असा कुरव आहे. पंखांची टोके शाईत बुडवून काढल्यासारखी काळी, चोच पिवळी आणि पाय काळे. त्याच्या शास्त्रीय नावातील 'ट्रायडॅक्टिला' या शब्दाचा अर्थ 'तीन बोटांचा' असा आहे, कारण मागचे बोट जवळपास लोप पावलेले असते. हिवाळ्यात तो किनाऱ्याकडे फिरकतही नाही. अटलांटिक महासागराच्या मध्यावर, कधी कधी पार कॅनडाच्या किनाऱ्यापर्यंत भटकत राहतो. जमिनीशी त्याचा संबंध येतो तो केवळ विणीसाठी, आणि तोही उभ्या कड्यावरच्या वीतभर रुंदीच्या जागेपुरता.

ही वीतभर जागा, म्हणजे कड, तो कशी वापरतो हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. भरती-ओहोटीचा परिणाम टाइन नदीवर शहराच्याही वरपर्यंत होतो, त्यामुळे ओहोटीला काठचा चिखल उघडा पडतो. तो चिखल आणि गवताच्या काड्या चोचीत धरून पक्षी कडेवर आणतो, खाली ठेवतो आणि दोन्ही पायांनी लगबगीने तुडवतो. पुन्हा आणतो, पुन्हा तुडवतो. चिखल वाळून दगडाला सिमेंटसारखा घट्ट चिकटला की त्यावर गवताची वाटी तयार होते. मे महिन्याच्या मध्यापासून त्यात बहुधा दोन अंडी येतात, सुमारे २७ दिवस नर आणि मादी आळीपाळीने ती उबवतात, आणि पुढचे जवळपास सहा आठवडे पिल्ले त्या वाटीतून हलत नाहीत. जमिनीवर किंवा सपाट छपरावर वाढणारी इतर कुरवांची पिल्ले इकडे तिकडे पळतात. किटीवेकचे पिल्लू मात्र भिंतीकडे तोंड करून गप्प बसते, कारण त्याच्या मागे एक पाऊल अंतरावर पोकळी असते. विष्ठा टाकताना पाठ बाहेरच्या बाजूला असल्यामुळे ती थेट खाली पडते. ग्रॅनाइटवरून ओघळणारे पांढरे पट्टे आणि खालच्या पदपथावरचा निसरडा थर यांचे मूळ पिल्लाच्या या बसण्यात आहे.

त्याला शहरात यावेसे का वाटले, याचे उत्तर सोपे आहे. वीस-तीस मीटर उंचीची उभी भिंत, तिच्यावर आडव्या अरुंद कडा, खाली पाणी आणि माणसांच्या वावरामुळे शिकारी प्राण्यांची कमी भीती. समुद्रकड्यात त्याला जे हवे असते ते सर्व पुलाच्या मनोऱ्यात आहे. अन्नासाठी तो शहरावर मुळीच अवलंबून नाही. तो कचऱ्याच्या पिशव्या फाडत नाही, कोणाच्या हातातले चिप्स हिसकावत नाही. नदीमार्गे उत्तर समुद्रात जाऊन सँडईल नावाचे बोटभर लांबीचे चंदेरी मासे पृष्ठभागावरून टिपायचे आणि घशात भरून पिल्लांसाठी परत आणायचे, हा त्याचा दिनक्रम. त्यामुळे 'अन्न बंद करा, पक्षी आपोआप जातील' हा शहरी कुरवांबाबतचा सर्वांत प्रभावी सल्ला इथे पूर्णपणे निरुपयोगी ठरतो.

या पक्ष्याच्या चिवटपणाची माहिती आपल्याला मिळाली तीही याच नदीवर. नदीच्या मुखाजवळ नॉर्थ शील्ड्स येथे एका गोदामाच्या खिडक्यांच्या कडांवर १९४९ पासून किटीवेक घरटी करू लागले होते. डरहॅम विद्यापीठाचे जॉन कोल्सन यांनी १९५४ पासून सुमारे साडेतीन दशके त्यांचा अभ्यास केला. समुद्रकड्यावर दोर लावून उतरण्याऐवजी इथे आतून खिडकी उघडली की पक्षी हाताच्या अंतरावर! पायात रंगीत कडी घातल्यामुळे एकेका पक्ष्याचा वर्षानुवर्षे माग ठेवता आला. प्रौढ पक्षी दरवर्षी त्याच वसाहतीत, बहुधा त्याच कडेवर परततो. वीण यशस्वी झाली असेल तर जोडीदारही सहसा तोच राहतो, आणि अपयश आले तर जोडी मोडण्याची शक्यता वाढते. वसाहतीच्या मध्यभागी जागा मिळवणारे नर वसाहतीच्या बाहेरच्या बाजूला राहणाऱ्यांपेक्षा अधिक काळ जगतात. ही निरीक्षणे आज पक्षिशास्त्रात पायाभूत मानली जातात. पुढे त्याच गोदामाचे निवासी इमारतीत रूपांतर झाले, कडा बंद झाल्या आणि पक्षी पांगले. किटीवेक पहिली वीण सरासरी चौथ्या वर्षाच्या आसपास करतो आणि त्यानंतर अनेक वर्षे जगतो, हे लक्षात घेतले म्हणजे एखाद्या इमारतीची कड अचानक बंद झाल्यावर तो तिथेच घिरट्या का घालत राहतो, हे ध्यानात येते.

बाल्टिक गिरणीचा प्रयोग

गेट्सहेडच्या काठावर बाल्टिक फ्लोअर मिल्स ही विटांची प्रचंड पिठाची गिरणी १९५० मध्ये पूर्ण झाली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. नदीच्या वरच्या भागात सरकत आलेल्या किटीवेकांनी १९६० च्या दशकातच तिच्या कडा ताब्यात घेतल्या होत्या, आणि गिरणी ओस पडल्यावर तर ती सर्वस्वी त्यांचीच झाली. नव्वदच्या दशकात या इमारतीचे समकालीन कलेच्या केंद्रात रूपांतर करण्याचे ठरले. वर्षानुवर्षे चालणारे बांधकाम, भिंतींना लागून परांच्या, आणि त्या भिंतींवर विणीच्या हंगामात हात लावता न येणारी घरटी, असा हा पेच होता.

इथे घेतलेला निर्णय मला या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत समंजस निर्णय वाटतो. पक्ष्यांना इमारतीवरून दूर ठेवण्यापूर्वीच, १९९८ मध्ये, गिरणीजवळच नदीकाठी एक मनोरा उभारण्यात आला. त्याचे काम एकच: उंच खांबांवर उभी केलेली भिंत आणि तिच्यावर एकाखाली एक आडव्या कडा, म्हणजे थोडक्यात माणसाने बांधलेला समुद्रकडा. पक्ष्यांनी तो स्वीकारला. पुढे आजूबाजूच्या परिसराचा विकास सुरू झाल्यावर २००१ मध्ये हा मनोरा नदीच्या प्रवाहाच्या दिशेने सॉल्टमेडोज भागात हलवावा लागला. पक्षी तिथेही घरटी करत राहिले. कलाकेंद्र १३ जुलै २००२ रोजी लोकांसाठी खुले झाले. आज त्या इमारतीच्या नदीकडच्या बाजूलाही किटीवेक घरटी करतात आणि आत चित्रप्रदर्शन पाहायला आलेली माणसे काचेतून त्यांच्याकडेही पाहत उभी राहतात.

हे यश सांगताना त्यातला उणा भागही सांगितला पाहिजे. गिरणीवरचे सगळेच पक्षी मनोऱ्यावर गेले नाहीत. काहींनी नदी ओलांडून टाइन पुलाकडे आणि न्यूकॅसलच्या काठावरील जुन्या इमारतींकडे मोर्चा वळवला, आणि पुलावरची घरट्यांची संख्या त्यानंतरच्या वर्षांत वाढत गेली. म्हणजे गेट्सहेडच्या एका इमारतीचा प्रश्न काही प्रमाणात न्यूकॅसलच्या धक्क्यावर जाऊन बसला. पर्यायी जागा पुरेशी मोठी नसेल, किंवा पक्ष्यांना ती जुन्या जागेइतकी आवडली नाही, तर उरलेले पक्षी आपला पर्याय स्वतः शोधतात, आणि तो कोणाच्या खिडकीवर असेल हे कोणाच्याच हातात राहत नाही. तरीही मनोऱ्याने एक गोष्ट कायमची सिद्ध केली: किटीवेकला इमारतीचा मोह नसून कडेचा आहे, आणि कड बांधून देता येते. अलीकडच्या काळात हॉर्नसी-३ या समुद्री पवनऊर्जा प्रकल्पामुळे पक्ष्यांना होणाऱ्या हानीच्या भरपाईपोटी सफोकच्या किनाऱ्यालगत, लोवेस्टॉफ्टजवळ, किटीवेकांसाठी खास घरटी-रचना उभारण्यात आल्या, त्यांच्यामागे हीच कल्पना आहे.

जाळी, काटे आणि बनावट घुबड

न्यूकॅसलच्या काठावरची कहाणी इतकी सरळ नाही. तिथे एकाच मालकाची एक रिकामी गिरणी नव्हती. पूल पालिकांच्या ताब्यात, शेजारची इमारत एखाद्या कंपनीची, तिच्या पलीकडची हॉटेलची, त्यापलीकडे सदनिका. प्रत्येकाने आपापल्या भिंतीपुरता विचार केला. तक्रारी खोट्या नव्हत्या, हे इथे ठामपणे सांगितले पाहिजे. पहाटे साडेतीन-चारला उजाडणाऱ्या उत्तरेकडच्या उन्हाळ्यात शेकडो पक्ष्यांचा कल्ला खिडकीशी सुरू होतो, उपाहारगृहासमोरचा पदपथ रोज घासावा लागतो, माशांचा उग्र वास वाऱ्याबरोबर आत येतो. ज्याला हे सोसावे लागते त्याला 'निसर्गावर प्रेम करा' असे सांगणे हा अन्याय आहे.

मालकांनी जे उपाय केले ते सर्वत्र केले जातात तेच. टोकदार तारांचे काटे कबुतरांना काही प्रमाणात रोखतात, पण चिखल तुडवून घरटे बांधणाऱ्या पक्ष्याला ते घरट्याला आयता आधारच देतात. प्लॅस्टिकचे घुबड किंवा ससाणा जागचा हलत नाही हे पक्ष्यांच्या काही दिवसांत लक्षात येते. शिकारी पक्ष्याचा आवाज ध्वनिवर्धकावर लावला तर किटीवेक काही काळ बिथरतात आणि मग त्याच्यावर आवाज चढवतात. प्रशिक्षित ससाणा उडवणे घरटी बांधण्याच्या आधीच्या आठवड्यांत काही इमारतींवर उपयोगी पडू शकते, पण पक्षी एकदा अंड्यावर बसला की त्याला घाबरवून उठवण्याचा परिणाम अंडी थंड पडण्यात होतो, आणि तिथून पुढे कायद्याचा प्रश्न सुरू होतो. कडेवर तीव्र उताराची पट्टी बसवणे हा उपाय त्यातल्या त्यात खरा आहे, कारण तो पक्ष्याला इजा न करता त्याच्या गरजेवरच बोट ठेवतो: पाय टेकायला आणि चिखल थापायला सपाट जागाच उरत नाही. मात्र उतार पुरेसा तीव्र हवा आणि पट्टीच्या टोकाला बोटभरही सपाट जागा सुटता कामा नये; आणि जुन्या, संरक्षित वास्तूंच्या दर्शनी भागावर अशी पट्टी बसवायला परवानगी लागते.

सर्वाधिक वापर झाला तो जाळीचा, आणि सर्वाधिक दुःखही तिनेच दिले. कबुतरांसाठी साधारणपणे ५० मिलिमीटर आणि कुरवांसाठी ७५ मिलिमीटर छिद्राची जाळी वापरली जाते. ती पोलादी तारेवर ताणून, भिंतीपासून पुरेसे अंतर राखून आणि सर्व बाजूंनी बंद करून बसवली तर ती उत्तम काम करते. अडचण पुढे येते. वारा, ऊन आणि पाऊस यांनी दोन-तीन हिवाळ्यांत तार सैल होते, कोपऱ्यातला एखादा हूक निघतो आणि मुठीएवढी फट पडते. आपल्या जुन्या कडेवर परत आलेला पक्षी त्या फटीतून आत शिरतो, कारण त्याच्या दृष्टीने ती अजूनही त्याचीच जागा असते. आत जाताना लागलेली वाट बाहेर येताना सापडत नाही. तो जाळीवर धडकतो, पंख छिद्रात अडकतो, धडपडीने गुंता वाढतो आणि तो उलटा लोंबकळत राहतो. खाली बाजारात आलेली माणसे, मुले हे पाहतात. कोणीतरी फोन करते. शिडीची गाडी येईपर्यंत कधी पक्षी वाचतो, कधी नाही. सैल जाळी ही न लावलेल्या जाळीपेक्षा वाईट असते, एवढे मी या प्रकरणावरून ठामपणे म्हणेन. जाळी लावणाऱ्याने दरवर्षी फेब्रुवारीपूर्वी ती कडेपासून कडेपर्यंत हाताने तपासण्याची आणि हंगामात रोज नजर ठेवण्याची जबाबदारी घेतली नसेल, तर ती लावण्याचा त्याला नैतिक अधिकार नाही.

शिवाय जाळीचा हिशेब शेजाऱ्याच्या वहीत उतरतो. एका इमारतीने कड बंद केली की तिथले प्रौढ पक्षी लगतच्या इमारतीवर जागा शोधतात, तिथे आधीच असलेल्या जोड्यांशी भांडतात, आणि पुढच्या वर्षी ती इमारतही जाळी लावते. अशा रीतीने सगळ्या रस्त्यावर जाळ्या झाल्या तरी पक्ष्यांची संख्या कमी झालेली नसते. ते पुलावर गेलेले असतात.

कायद्याची चौकट

वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्ट, १९८१ या कायद्यानुसार सर्व वन्य पक्ष्यांना जाणूनबुजून मारणे वा जखमी करणे, त्यांची अंडी घेणे किंवा नष्ट करणे, आणि वापरात असलेले किंवा बांधले जात असलेले घरटे काढणे हा गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड होऊ शकतो. 'बांधले जात असलेले' हे शब्द महत्त्वाचे आहेत. चिखलाची पहिली चोच कडेवर थापली गेली की मालकाचे हात बांधले जातात. त्याआधी, म्हणजे सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात, जुनी रिकामी घरटी काढणे, कड धुणे, उतार बसवणे, जाळी दुरुस्त करणे यांपैकी कशालाही हा कायदा आडकाठी करत नाही. कोणत्याही मालकावर पक्ष्यांना आसरा देण्याची सक्ती नाही. सक्ती आहे ती वेळ पाळण्याची. दरवर्षी मे महिन्यात संतापून ठेकेदाराला बोलावणाऱ्यांनी हेच काम ऑक्टोबरात दिले असते तर निम्मे वाद उद्भवलेच नसते.

छपरावरचे कुरव हा वेगळा विषय

याच शहरांत आणि ब्रिटनमधील इतर अनेक शहरांत मोठ्या अंगाचे हेरिंग गल आणि लेसर ब्लॅक-बॅक्ड गल सपाट छपरांवर, धुराड्यांच्या आडोशाला घरटी करतात. वर्तमानपत्रांतून सर्वांना सरसकट 'सीगल' म्हटले जाते आणि एकाचे अपराध दुसऱ्याच्या माथी मारले जातात. टाइनकाठी किटीवेकांना याचा बराच त्रास झाला आहे. मोठे कुरव कचऱ्यावर आणि रस्त्यावरच्या अन्नावर पोसतात. १९५६ च्या क्लीन एअर ॲक्टनंतर कचरा जाळण्याऐवजी उघड्या कचराभूमींत पुरला जाऊ लागला आणि त्यांना वर्षभर आयते खाद्य मिळाले, हे त्यांच्या शहरी विस्ताराचे एक प्रमुख कारण मानले जाते. त्यांची पिल्ले छपरावरून रस्त्यावर पडतात आणि त्यांच्या रक्षणासाठी आईबाप वाटसरूंच्या डोक्यावर झेपावतात. तिथे कचऱ्याच्या पेट्यांना झाकण, रात्रीच्या कचऱ्याची वेळेत उचल, आणि छपरावर समांतर तारा ताणणे या उपायांना अर्थ आहे. परवाना घेऊन खऱ्या अंड्यांच्या जागी बनावट अंडी ठेवण्याची पद्धतही वापरली जाते. पक्षी त्यांवर बसून हंगाम घालवतो आणि पिल्लांअभावी आक्रमक होत नाही. मात्र हेरिंग गलचीही संख्या घटत असल्यामुळे इंग्लंडमध्ये २०२० पासून या दोन्ही जातींबाबत सर्वसाधारण परवाना बंद झाला असून प्रत्येक प्रकरणी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. किटीवेकच्या बाबतीत यांपैकी कचऱ्याचे उपाय लागूच होत नाहीत, आणि अंड्यांना हात लावण्याचा विचार तर सोडूनच द्यावा.

कारण किटीवेक संकटात आहे. ब्रिटनमधील पक्ष्यांच्या संवर्धन-स्थितीच्या मूल्यांकनात २०१५ मध्ये त्याचा समावेश सर्वाधिक चिंतेच्या पक्ष्यांच्या लाल यादीत झाला आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला 'असुरक्षित' वर्गात टाकले. ब्रिटन आणि आयर्लंडमधील त्याची वीण करणारी संख्या या शतकाच्या सुरुवातीपासून चाळीस टक्क्यांहून अधिक घटली आहे. तापणारा समुद्र आणि सँडईलची मासेमारी ही त्याची मुख्य कारणे; २०२४ मध्ये उत्तर समुद्राच्या इंग्लंडच्या हद्दीत आणि संपूर्ण स्कॉटलंडच्या पाण्यात सँडईलची मासेमारी बंद करण्यात आली. ज्या काळात उत्तरेकडच्या कड्यांवरच्या कडा रिकाम्या होत चालल्या, त्याच काळात टाइनवरची वसाहत वाढली. शहराने न मागता मिळालेली ही जबाबदारी आहे.

पुलाची दुरुस्ती

या प्रकरणाचा सर्वांत अवघड टप्पा सध्या सुरू आहे. दहा ऑक्टोबर १९२८ रोजी राजे पाचवे जॉर्ज यांच्या हस्ते खुल्या झालेल्या टाइन पुलाचा हिरवा रंग उडाला, पोलाद गंजले, आणि २०२४ मध्ये त्याच्या मोठ्या दुरुस्तीचे काम सुरू झाले. शताब्दीपर्यंत, म्हणजे २०२८ पर्यंत, ते पुरे करण्याचे उद्दिष्ट आहे. पोलाद खरवडायचे तर त्याभोवती परांच्या उभारून आवरण घालावे लागते, आणि आवरण घातले की कडा बंद होतात. दुरुस्ती हवीच आहे. पूल गंजून पडला तर पक्ष्यांनाही तो उरणार नाही. यंत्रणांनी या वेळी बाल्टिकचा धडा लक्षात ठेवलेला दिसतो. पक्ष्यांचा विचार कामाच्या आराखड्यातच करण्यात आला, कामाचे टप्पे पाडण्यात आले आणि बंद होणाऱ्या जागांच्या बदल्यात जवळपास तात्पुरत्या कडा पुरवण्यात आल्या. पालिका, निसर्गसंस्था, अभ्यासक यांनी मिळून बनवलेली टाइन किटीवेक पार्टनरशिप ही समिती त्याआधीच अस्तित्वात होती, त्यामुळे बोलणी शून्यापासून सुरू करावी लागली नाहीत. एकेका इमारतीऐवजी नदीचा सगळा काठ एकत्र पाहणारे कोणीतरी असणे हा या प्रश्नातला निर्णायक भाग आहे, आणि न्यूकॅसलला तो मिळायला बराच उशीर झाला.

खर्चाचा भार मात्र अजून असमान आहे. ज्याच्या दारात विष्ठा पडते त्यानेच ती धुवायची, आणि पक्षी मात्र साऱ्या शहराचा अभिमान, ही वाटणी न्याय्य नाही. हंगामात धक्क्यावरचे रस्ते सार्वजनिक खर्चाने नियमित धुणे, ज्या कडांवर घरटी राहणारच आहेत तिथे खाली तीव्र उताराचे फलक बसवून पदपथ वाचवणे, रविवारच्या बाजारातील दुकाने भिंतीपासून चार पावले पुढे मांडणे, आणि दारांच्या थेट वरच्या मोजक्या कडा हिवाळ्यात बंद करून त्यांच्या शेजारच्या निर्धोक कडा मुद्दाम मोकळ्या ठेवणे, यांनी रहिवाशांचा बहुतेक त्रास कमी होऊ शकतो. शेवटचा उपाय मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात पक्ष्याला फक्त दोन-तीन मीटर सरकावे लागते, आणि एवढे तो सरकतो.

परांच्या उतरल्यावर काय होईल, हा पुढचा प्रश्न आहे. तात्पुरत्या कडांवर तीन-चार हंगाम काढलेली जोडी ग्रॅनाइटवर परत येईल की नव्या जागेलाच आपली मानेल, आणि तोपर्यंत वयात आलेली नवी पिढी, जिने पुलाची कड कधी पाहिलीच नाही, ती कुठे चिखल थापेल? त्या कडा काढून टाकण्याची घाई एखाद्या कंत्राटाच्या मुदतीमुळे होऊ नये, एवढे पाहणे आता पालिकांच्या हातात आहे. काढायच्याच असतील तर त्या ऑगस्टनंतर, शेवटचे पिल्लू उडून गेल्यावर आणि पुलावरच्या कडा पुन्हा मोकळ्या झाल्याची खात्री करूनच काढाव्यात.